रक्ताची साक्ष

तापमापकातला पारा किती चढला यावरून रोग्याचा ताप कळतो. परंतु त्या तापामागचा जंतुदोष शरीरात किती खोल गेला आहे, हे पारा सांगत नाही. एखाद्या तरुणाचा घसा सुजतो, १०४ अंश ताप भरतो, आणि चार दिवसांत तो हिंडूफिरू लागतो. उलट एखाद्या वृद्धेला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ताप जेमतेम ९९ अंश असतो, हातपाय उलट गार लागतात. घरची माणसे ‘आज आजी जरा सुस्त दिसतात’ एवढेच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी लघवी बंद होते, शुद्ध हरपू लागते. पहिला प्रकार साध्या संसर्गाचा, दुसरा सेप्सिसचा. या दोहोंतील भेद वेळेवर ओळखणे आणि सेप्सिस असल्यास तो किती तीव्र आहे याचा अंदाज घेणे, हा आजच्या वैद्यकापुढील एक अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना रोग्याच्या बोटाएवढ्या नळीतील रक्त पुष्कळ मदत करते; मात्र त्या रक्ताची साक्ष कशी घ्यावी हे ठाऊक असले पाहिजे.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लक्ष लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लक्ष लोक मृत्यू पावले. याचा अर्थ असा, की जगात त्या वर्षी झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक मृत्यू सेप्सिसशी निगडित होता. रोग्यांमध्ये पाच वर्षांखालील बालकांची संख्या सुमारे दोन कोटी होती. जागतिक आरोग्य सभेने २०१७ मध्येच ठराव करून सर्व राष्ट्रांचे लक्ष या विषयाकडे वेधले, ते उगीच नव्हे.

तीव्रता मोजावयाची ती कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. संसर्ग आहे, तर औषध द्यावे. मोजमाप हवे कशाला? परंतु प्रत्यक्ष रुग्णशय्येपाशी तीन निर्णय घ्यावे लागतात आणि ते तिन्ही तीव्रतेवर अवलंबून असतात. रोग्याला साध्या कक्षात ठेवावे की अतिदक्षता विभागात? औषधयोजनेला किती घाई करावी? आणि सुरू केलेल्या उपचारांचा गुण येत आहे की नाही? तालुक्याच्या गावी छोटेसे रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टरपुढे तर हा प्रश्न फार निकडीचा असतो. रोग्याला येथेच ठेवून उपचार करावे, की रात्रीच गाडी करून साठ-सत्तर मैलांवरील शहरात हलवावे? उगाच हलविले तर कुटुंबावर खर्चाचा डोंगर. हलवावयास उशीर केला तर जीव गमावण्याचे भय. अशा वेळी शे-दोनशे रुपयांत होणाऱ्या साध्या तपासण्या नीट वाचता येणे हे मोठे बळ ठरते.

सेप्सिस हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ ‘कुजणे’ असा आहे. जखम सडते आणि ती सडण सर्व शरीरभर पसरते, अशी जुन्या वैद्यांची कल्पना होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाच्या इतिहासात दोन घटना घडल्या. त्यांपैकी एक जगप्रसिद्ध आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात एप्रिल १८४७ मध्ये शेकडा १८ हून अधिक बाळंतिणी मृत्यू पावल्या, त्या बहुतांशी सूतिकाज्वराने. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीसाठी येणाऱ्या डॉक्टरांचे व विद्यार्थ्यांचे हातच हा ज्वर वाहून नेतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्यांनी मे महिन्यात घातला आणि जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनाच्या आसपास आले. ज्या रोगाशी ते आयुष्यभर झगडले, त्यानेच शेवटी त्यांचा घास घेतला. १८६५ मध्ये जखम चिघळून ते मरण पावले.

दुसरी घटना मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. सेमेलवाइस यांच्या शोधाच्या चार वर्षे आधी, १८४३ मध्ये, जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथील योहान योझेफ शेरर या वैद्यक-रसायनज्ञाने, प्रसूतीच्या सुमारास मृत्यू पावलेल्या काही स्त्रियांच्या शरीरातील द्रवांचे परीक्षण प्रसिद्ध केले. सूतिकाज्वराने गेलेल्या रुग्णांच्या रक्तात त्यांना एक पदार्थ आढळला, तो म्हणजे दुग्धाम्ल. ताक आंबट होते ते ज्या आम्लामुळे, तेच आम्ल. मानवी रक्तातील दुग्धाम्लाची ही पहिली नोंद समजली जाते. सेमेलवाइस यांनी रोग कसा टाळावा हे दाखविले. शेरर यांनी, स्वतःला त्याचा पूर्ण अर्थ कळण्यापूर्वीच, तो रोग रक्तात कोणती खूण ठेवतो हे दाखविले. आज जगभरच्या अतिदक्षता विभागांत ‘लॅक्टेट’ या नावाने जे मोजले जाते, ते हेच.

रक्तातील खुणांचा अर्थ नीट लागावा म्हणून आधी सेप्सिसची कल्पना कशी पालटत गेली हे पाहिले पाहिजे. १९१४ मध्ये हुगो शॉटम्युलर या जर्मन वैद्याने असे प्रतिपादन केले, की शरीरातील एखाद्या ठाण्यातून रोगजंतू रक्तप्रवाहात शिरतात आणि त्यापासून जी लक्षणे उद्भवतात तो सेप्सिस. लोक ज्याला ‘रक्तात विष भिनले’ म्हणतात, ती हीच कल्पना. पुढे प्रतिजैविके आली, जंतू मारता येऊ लागले. तरीही जंतू मेल्यावर रोगी दगावतो, असे अनेकदा दिसू लागले. म्हणजे घात केवळ जंतू करीत नव्हते. १९९१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी या चार गोष्टींवर आधारलेली व्याख्या केली; परंतु साध्या पडशानेही तीत बसणारे लोक इतके निघाले, की ती फार सैल ठरली. अखेर २०१६ मध्ये नवी व्याख्या पुढे आली. संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देते तो बेताल होऊन त्यामुळे अवयवांचे कार्य प्राणघातक रीतीने बिघडणे, म्हणजे सेप्सिस, असे तीत सांगितले आहे.

या व्याख्येतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. घराला आग लागली असता ती विझविण्यासाठी आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने घरच खचावे, तसे येथे घडते. रोग्याच्या रक्षणासाठी शरीर जी यंत्रणा उभारते, तीच हाताबाहेर जाते. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात, सूक्ष्म केशवाहिन्यांत गुठळ्या होतात, अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नाही. म्हणून तीव्रता मोजावयाची ती जंतूंची नव्हे. मोजावयाच्या त्या दोन गोष्टी: शरीराचा प्रतिसाद किती भडकला आहे, आणि त्या भडक्यात कोणकोणते अवयव होरपळू लागले आहेत. रक्तातील साध्या खुणांचेही असेच दोन वर्ग पडतात. हा भेद ज्याने ओळखला, त्याला प्रयोगशाळेचा कागद वाचण्याची किल्ली सापडली म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या वर्गातील सर्वांत जुनी आणि स्वस्त खूण म्हणजे पांढऱ्या पेशींची गणना. प्रौढ माणसाच्या रक्तात त्या एका घन मिलिमीटरला साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. संसर्ग झाला की अस्थिमज्जेतून नव्या पेशींची कुमक येते आणि संख्या १५,००० किंवा २०,००० पर्यंत चढते. सामान्य माणसाला हा आकडा जितका मोठा तितका आजार भयंकर वाटतो. पण वस्तुस्थिती नेहमी तशी नसते. चढलेली संख्या पुष्कळदा हेच दाखविते, की सैन्य जागे आहे आणि लढत आहे. संसर्गाची चिन्हे उघड असताना संख्या ४,००० च्या खाली उतरली, तर ती अधिक चिंतेची बाब होय. कारण तेव्हा कुमक संपत आली असण्याचा संभव असतो. तसेच अर्ध्यामुर्ध्या वाढलेल्या, कच्च्या पेशी रक्तात दिसू लागल्या, तर मज्जा हाताला येईल तो शिपाई रणांगणावर पाठवीत आहे असे समजावे.

याच गणनेत आणखी एक मोलाची माहिती दडलेली असते. पांढऱ्या पेशींचे जे प्रकार आहेत, त्यांत न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट हे दोन प्रमुख. शरीरावर मोठे संकट आले, की अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावांमुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि लिंफोसाइट घटतात. स्लोव्हाकियातील झाहोरेत्स यांनी २००१ मध्ये सुचविले, की पहिल्या संख्येला दुसऱ्या संख्येने भागावे. येणारा भागाकार शरीरावरील ताणाचे सोपे माप ठरेल. निरोगी माणसात न्यूट्रोफिल शेकडा ६० आणि लिंफोसाइट शेकडा ३० असतील, तर भागाकार दोन येतो. गंभीर आजाऱ्यात तीच प्रमाणे ९० आणि ६ झाली, तर भागाकार पंधरा. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, वेगळा पैसा पडत नाही. हाती असलेल्या कागदावर पेन्सिलीने करता येण्याजोगा हा हिशेब आहे. मात्र शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका, मोठी इजा किंवा स्टेरॉइडची औषधे यांनीही हा भागाकार वाढतो. तो ‘शरीर संकटात आहे’ एवढे सांगतो. संकट कोणते हे सांगत नाही.

याच वर्गातील दुसरी खूण म्हणजे सीआरपी हे प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तद्रवात सापडले. शरीरात दाह उत्पन्न झाला, की यकृत हे प्रथिन तयार करू लागते. सहा तासांच्या आसपास ते वाढावयास लागते आणि सुमारे दोन दिवसांनी कळस गाठते. त्यामुळे आजाराच्या पहिल्या काही तासांत सीआरपी कमी आले म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे होय. शिवाय संधिवात, शस्त्रक्रिया, भाजणे अशा अनेक कारणांनी ते चढते. आणि यकृतच निकामी झाले असेल, तर चढावयास हवे तेव्हाही पुरेसे चढत नाही. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी, की काही प्रयोगशाळा हा आकडा लिटरमागे, तर काही डेसिलिटरमागे देतात. एका कागदावरील ६० आणि दुसऱ्या कागदावरील ६ ही एकच गोष्ट असू शकते. शहर बदलले, प्रयोगशाळा बदलली, की ‘एका रात्रीत दहा पटींनी गुण आला’ असा आनंद किंवा उलट घबराट यातून उत्पन्न होते. आकड्यापुढे लिहिलेले परिमाण वाचल्यावाचून आकडा वाचू नये.

तिसरी खूण प्रोकॅल्सिटोनिन या नावाची. हे द्रव्य एरवी कंठस्थ ग्रंथीत अत्यल्प प्रमाणात तयार होते. परंतु गंभीर जिवाणुसंसर्गात ते रक्तात पुष्कळ वाढते, हे १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखविले; अशा वेळी शरीरातील इतर अनेक ऊती ते रक्तात ओतू लागतात. ते सीआरपीपेक्षा लवकर चढते, आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारणतः दिवसागणिक निम्म्यावर येते. विषाणूंच्या आजारात ते सहसा फारसे वाढत नाही. हे सर्व गुण पाहून प्रारंभी मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु मोठी शस्त्रक्रिया, गंभीर इजा, मूत्रपिंडाचा जुना विकार यांतही ते वाढलेले आढळते, आणि तपासणी महागडी असते. सेप्सिसच्या उपचारांविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने याबाबत समतोल सल्ला दिला. प्रतिजैविक सुरू करावे की नाही, हे ठरविण्यासाठी या तपासणीचा आधार घेऊ नये. मात्र ते केव्हा थांबवावे हे ठरविताना तिचे साहाय्य घेण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे ही चाचणी दार उघडणारी नसून, काम आटोपल्यावर दार लावून घेण्यास उपयोगी पडणारी आहे.

आता दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे अवयवांच्या हानीची साक्ष देणाऱ्या खुणांकडे, वळले पाहिजे. कारण तीव्रतेचा खरा निवाडा येथेच होतो. यांत रक्तातील प्लेटलेट या सूक्ष्म कणांची गणना पहिली. त्यांची संख्या साधारणतः दीड ते साडेचार लक्ष असते. सेप्सिसमध्ये केशवाहिन्यांत ठिकठिकाणी गुठळ्या होऊ लागतात आणि त्यांत हे कण खर्ची पडतात. आज दोन लक्ष, उद्या दीड लक्ष, परवा नव्वद हजार अशी उतरण दिसली, तर ती मोठ्या संकटाची वर्दी समजावी. अर्थात पावसाळ्यात डेंग्यू आणि हिवताप यांनीही प्लेटलेट उतरतात, हे आपल्याकडील डॉक्टर जाणतात. म्हणून ही खूण एकटी घेऊन निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी खूण क्रिएटिनिनची. स्नायूंतून निघणारे हे टाकाऊ द्रव्य मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात. ती थकली की ते रक्तात साचते. पण ते हळूहळू साचते. लघवी मात्र त्याच्या कित्येक तास आधी कमी झालेली असते. पन्नास किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान पंचवीस मिलिलिटर तरी लघवी व्हावी, असा साधा हिशेब आहे. कृश वृद्धांच्या अंगी स्नायूच थोडे असल्याने त्यांच्यात क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो. कागदावर तो बरा दिसतो आणि मूत्रपिंड मात्र थकलेले असते. तिसरी खूण बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पित्तद्रव्य. ते यकृताची हालत सांगते.

चौथी खूण ती शेरर यांनी १८४३ मध्ये पाहिलेली, लॅक्टेटची. पेशींना प्राणवायू अपुरा पडला, किंवा संकटकालीन स्रावांनी त्यांची चयापचय क्रिया अति वेगाने धावू लागली, की लॅक्टेट वाढते. एरवी ते लिटरला दोन मिलिमोलपेक्षा कमी असते. १९६४ मध्ये ब्रॉडर आणि वाइल या अमेरिकन संशोधकांनी शॉकच्या रोग्यांमध्ये दाखविले, की हे द्रव्य जितके अधिक साचते, तितकी जगण्याची आशा कमी होते. रक्तदाब अद्याप टिकून आहे, पण लॅक्टेट चारच्या वर गेले आहे, अशा रोग्याला बाह्य देखाव्यावर विसंबून साध्या कक्षात ठेवणे धोक्याचे होय. २०१६ च्या व्याख्येत सेप्टिक शॉक ठरविण्यासाठी, पुरेसे सलाइन देऊनही रक्तदाब औषधावर टिकवावा लागणे आणि लॅक्टेट दोनच्या वर असणे, या दोन्ही अटी घातल्या आहेत. त्या दोन्ही ज्यांच्यात आढळल्या, अशा रोग्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४० हून अधिक होते. येथेही सावधपणा हवाच. आकडी येऊन गेल्यावर, यकृताच्या विकारात किंवा काही औषधांनीही लॅक्टेट वाढते. शिवाय काढलेले रक्त तसेच पडून राहिले, तर नळीतल्या नळीत तांबड्या पेशी ते तयार करीत राहतात. म्हणून नमुना योग्य नळीत घेऊन त्वरित तपासला पाहिजे. नाहीतर रोग्याऐवजी नळीचेच निदान व्हावयाचे.

या निरनिराळ्या खुणा एकत्र कशा वाचाव्या, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन रोगी एकाच वेळी रुग्णालयात आले. पहिला तिशीतला तरुण. ताप १०३ अंश, पांढऱ्या पेशी १८,०००, सीआरपी लिटरला १८० मिलिग्रॅम. पण तो शुद्धीवर आहे, पाणी मागतो, लघवी नीट होते. प्लेटलेट अडीच लक्ष, क्रिएटिनिन ०.९, लॅक्टेट १.४. दुसरे सत्तरीचे गृहस्थ. ताप नाही, पांढऱ्या पेशी ३,८००, सीआरपी ९०. परंतु त्यांना ग्लानी आहे, प्लेटलेट ९०,०००, क्रिएटिनिन २.१, लॅक्टेट ३.८. पहिल्याचे आकडे डोळ्यांत भरणारे आहेत, दुसऱ्याचे बेताचे. तरीही जिवाला अधिक धोका दुसऱ्याच्या आहे, यात संशय नाही. पहिल्याच्या अंगात वणवा मोठा आहे, पण घराच्या भिंती शाबूत आहेत. दुसऱ्याचे घर आतून खचू लागले आहे.

हाच विचार आकड्यांत बसविण्यासाठी युरोपातील तज्ज्ञांनी १९९६ मध्ये ‘सोफा’ या नावाचे कोष्टक प्रसिद्ध केले. फुप्फुस, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड अशा सहा संस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण त्यात दिले जातात. विशेष हे, की त्यातील तीन संस्थांची परीक्षा प्लेटलेट, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन या साध्या तपासण्यांवरच होते. प्लेटलेट दीड लक्षाच्या खाली गेल्यास एक गुण, एक लक्षाच्या खाली दोन, पन्नास हजारांच्या खाली तीन, वीस हजारांच्या खाली चार. येथे जितके गुण अधिक तितकी प्रकृती वाईट. उदाहरणातील वृद्ध गृहस्थांना प्लेटलेटबद्दल दोन, क्रिएटिनिनबद्दल दोन आणि ग्लानीबद्दल निदान एक असे पाच गुण होतात. २०१६ च्या व्याख्येप्रमाणे मूळ स्थितीपेक्षा दोन गुणांची वाढसुद्धा सेप्सिस ठरविण्यास पुरेशी आहे. आणि एवढ्या वाढीनेही रुग्णालयातील मृत्यूचा धोका सुमारे शेकडा दहा इतका होतो.

परंतु कोणत्याही एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक महत्त्वाची असते. नदीकाठची माणसे पुराचे पाणी किती आहे एवढेच पाहत नाहीत. घाटाच्या पायरीवर खूण करून ते चढते आहे की उतरते आहे हे पाहतात. लॅक्टेट पाचवर आहे, पण दोन-चार तासांच्या उपचारांनंतर ते तीनवर आले, तर आशेला जागा आहे. ते अडीचवर होते आणि साडेतीनवर गेले, तर आकडा लहान असूनही वाट चुकीची आहे. म्हणून जाणते डॉक्टर एकच महागडी तपासणी करण्याऐवजी चार स्वस्त तपासण्या पुन्हा पुन्हा करतात.

एवढे सर्व सांगितल्यावर एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तपासणीचा कागद हाती येईपर्यंत उपचार रोखून धरणे हे या रोगात घातक ठरते. २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार, शॉकची चिन्हे असतील किंवा सेप्सिसचा संशय बळकट असेल, तर शक्य तो एका तासाच्या आत प्रतिजैविक द्यावयास हवे. जंतुपरीक्षेसाठी रक्त त्याच्या आधी घ्यावे, पण त्या कारणाने विलंब होऊ देऊ नये. रक्त साक्ष देते. परंतु रोग्याचा चेहरा, श्वास आणि त्वचा त्याच्या आधी बोलत असतात.

याची प्रचीती देणारे, दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत झालेले एक संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सेप्टिक शॉकच्या ४२४ रोग्यांपैकी एका गटाचे उपचार लॅक्टेट पाहून, तर दुसऱ्याचे केवळ बोट दाबून ठरविण्यात आले. बोटाचे अग्र दहा सेकंद काचेने दाबून सोडावयाचे आणि फिकटलेली कातडी पुन्हा लाल व्हावयास तीन सेकंदांहून अधिक काळ लागतो काय हे पाहावयाचे, एवढीच ती परीक्षा. अठ्ठावीस दिवसांत लॅक्टेटच्या गटात शेकडा ४३.४, तर बोटाच्या गटात शेकडा ३४.९ रोगी मृत्यू पावले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही. तथापि फुकटची परीक्षा महागड्या परीक्षेपुढे उणी ठरली नाही, एवढे त्यातून दिसून आले.

याहूनही बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची निगा राखण्याचे शिक्षण दिले. तेथे ना प्रयोगशाळा होती, ना रक्ताची नळी. बाळ अंगावर ओढत नाही, रडणे क्षीण झाले, अंग ढिले पडले, श्वास जलद झाला, अशा खुणांवरून या आरोग्यसेविका सेप्सिस ओळखीत आणि घरीच प्रतिजैविक देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, सेप्सिस झालेल्या नवजात बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. तीव्रता ओळखण्याचे पहिले साधन सावध डोळा हेच आहे, हे गडचिरोलीच्या त्या झोपड्यांनी सिद्ध केले.

मग रक्ताच्या साध्या खुणांचे स्थान कोणते? डोळ्याला जो संशय आला, त्याला त्या आधार देतात. डोळ्याला जे दिसत नाही, ते कधीकधी आधी सांगतात. आणि उपचारांचा मार्ग बरोबर आहे की नाही, हे दर काही तासांनी पडताळून पाहण्याची सोय करून देतात. त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि याहून कमीही मानू नये.

रोग्याच्या घरच्या माणसांनाही या ज्ञानाचा उपयोग आहे. संसर्गाचा आजार असताना वागण्यात अकस्मात फरक पडणे, असंबद्ध बोलणे, धाप लागणे, लघवी फार कमी होणे, हातपाय गार पडून कातडीवर निळसर छटा येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताप नसला तरी उजाडण्याची वाट पाहू नये. प्रयोगशाळेचे कागद तारखेच्या व वेळेच्या क्रमाने जपून ठेवावे. मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर कालचा क्रिएटिनिनचा आकडा आजच्या आकड्याइतकाच मोलाचा ठरतो. डॉक्टरांना ‘इन्फेक्शन किती टक्के आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणत्या अवयवावर परिणाम झाला आहे, आणि कालच्यापेक्षा आज कसे आहे’ असे विचारावे. त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळू शकते. आणि एखादा आकडा थोडा वाढलेला दिसताच स्वतःच्या मताने प्रतिजैविक आणून घेऊ नये. गरज नसताना घेतलेले औषध जंतूंना निर्ढावते आणि खरी वेळ येते तेव्हा तेच औषध हात टेकते.

सूतिकाज्वराने गेलेल्या त्या स्त्रियांच्या रक्तात दुग्धाम्ल सापडले, तेव्हा साक्ष मिळाली होती, पण ती मृत्यूनंतर. त्यानंतरच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत वैद्यकाने जी मजल मारली, ती प्रामुख्याने हीच, की तीच साक्ष आता रोगी जिवंत असताना, काही मिनिटांत आणि पुन्हा पुन्हा घेता येते. ती वेळेवर घेतली जावी आणि सर्व खुणा एकत्र ठेवून वाचली जावी, एवढ्यावर पुष्कळांचे प्राण अवलंबून आहेत.